मास्तर ओळ गाळत नाहीत

९ मार्च, सकाळ

चि. धाकटीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला, नवं घर, सगळं कळलं. कसं कळलं, तेच सांगायला बसले आहे.

दोन वर्षांत तू टाइप करून पाठवलेली सहा पत्रं माझ्या कॉम्प्युटरवर तशीच पडून होती. ताई फुगून बसली आहे असं तुला वाटलं असणार. फुगण्यासारखं तू काही केलंच नव्हतंस. मला दिसत नव्हतं. अक्षरांच्या जागी आता करड्या मुंग्या दिसतात. सूनबाई म्हणाली, "आई, मी वाचून दाखवते ना." मी नको म्हटलं. तू काय लिहिलं असशील याची धास्ती होती, आणि ते सुनेच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

मग तिनेच एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. पत्र उघडायचं, बटण दाबायचं, की ते मोठ्यांदा वाचतं. "हा वाचेल आणि कुणाला काही सांगणार नाही," म्हणाली आणि दार लोटून गेली. पोरीने कारणही विचारलं नाही. तिचे उपकार मानावे तेवढे थोडे.

मी त्याला मास्तर म्हणते. आवाज हजेरी घेतल्यासारखा. पत्रात तुझी नात पहिलं पाऊल टाकत होती आणि मास्तर मध्येच म्हणाले, "पान दोन." मी एकटीच हसत बसले. पण ते एकही ओळ गाळत नाहीत. तुझ्यासारखेच.

छापखान्यातलं आपलं टेबल आठवतं ना? तू मूळ कागद वाचायचीस, स्वल्पविरामसुद्धा तोंडाने म्हणून, आणि मी समोरच्या प्रुफावर बोट फिरवायचे. औषधांच्या त्या पुस्तकात 'लहान मुलांना'ने सुरू होणाऱ्या दोन ओळी लागोपाठ होत्या. अक्षरं जुळवताना एक गळली आणि पुस्तक तसंच छापलं गेलं. मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "हिने वाचलीच नसेल." तुझी नोकरी गेली.

तू दोन्ही ओळी वाचल्या होत्यास. प्रुफात एकच होती. मला तेव्हाच धूसर दिसू लागलं होतं, माझं बोट त्याच ओळीवर दोनदा फिरलं. मुलगा पाळण्यात होता, मी घाबरले आणि तुझं नाव पुढे केलं.

चौथ्या पत्रात मास्तरांनी वाचलं: "ताई, डोळे दाखवलेस का? छापखान्यातही तू कागद नाकाशी धरायचीस. मी मालकांना सांगितलं असतं, पण तुझी नोकरी गेली असती."

एवढंच मी तीनदा वाचून घेतलं. मास्तरांचा आवाज तिन्ही वेळा तोच होता. मी मात्र दर वेळी जास्त रडले. तुला सगळं ठाऊक होतं, आणि आळ तू अंगावर घेतलास. मला माफ कर, असं म्हणायला मी फार उशीर केला आहे. तरी म्हणते.

डोळे दाखवले. गेलेलं परत येणार नाही म्हणतात. अगदी जवळ बसलीस तर तुझा चेहरा अजून दिसेल. ये.

हे पत्र बोटांच्या सवयीने टाइप केलं आणि मास्तरांकडून वाचून घेतलं. "हिने वाचलीच नसेल"पाशी थांबवलं. ते खोडावंसं वाटलं, पण ठेवलं. या खेपेला काही गळलेलं नाही.

तुझ्या गप्प बसण्यावर जन्मभर नोकरी केलेली,
तुझी ताई