एका तारेवर बत्तीस वर्ग

११ जानेवारी २००९, रविवार

आणि वर मलाच म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी हाय! हाय तर हाय. होळीला घरी जायचं म्हणलं तर त्यात भिंगरी कुठून आली? दोन होळ्या इथंच गेल्या. तिसरीलाही भियाचं तेच — "सुट्टी एकालाच भेटते, अन् ती मला पायजे." सख्खा मोठा भाऊ असून मुकादमासारखं बोलतो.

त्याचंही खरं आहे. त्याच्या लेकराची यंदा धुंड. तांड्यात पोरगं झालं की पहिल्या होळीला धुंड करावीच लागते. तांड्यातले पोरं गेरिये होऊन दारात काठ्या वाजवत नाचणार, होळीची लेंगी म्हणणार, अन् बापानं सगळ्या तांड्याला गोड खाऊ घालायचं. बापच नसला तर लोक काय म्हणतील? मान्य! पण मी काका नाही का? मी अजून पोराचं तोंडही बघितलं नाही.

संध्याकाळी बाचा फोन. साखऱ्याच्या बाजारातून. भियाशी गोड गोड बोलला. मग माझ्याशी — "तुझा भिया ओमप्रकाश हाय म्हणून चूल पेटते रे. तू काय करून राहिला तिथं?"

काय करून राहिलो! बेंगलोरला येऊन कॉलेजच्या छतात उंदरासारखा फिरून राहिलो. ऊसतोडीत टिकलो नाही. वारंगा फाट्याच्या हॉटेलात टिकलो नाही. भियानं मानगूट धरून इथं वायरीच्या कामावर आणलं. इथंही टिकणार नाही. होळी झाली की बघतो.

१४ जानेवारी

नवी तार आली. तार कसली — केस! काळ्या रबरात पिवळा दोरा, अन् त्या दोऱ्यात काचेचा केस.

इंजिनियर मॅडमनी सगळ्यांना खाली बसवून दाखवलं. त्यांची हिंदी आमच्याहून मोडकी, पण समजलं. आतापर्यंत एकेका वर्गाला तीन तारा. फोनची वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी, भिंतीवरच्या मोठ्या पडद्याची वेगळी. सगळ्या छतातून मशीनच्या खोलीत जातात. छताची पाटी काढली की वाटतं कुणाची आतडी लोंबतायत. कुठली तार कुठं जाते, टाकणाऱ्यालाच ठाऊक. म्हणजे भियालाच! आता ते सगळं बंद. फोन, कॉम्प्युटर, पडदा — तिन्ही एकाच काचेतून, उजेड होऊन जाणार. एका मजल्याला एकच तार. वर एक डबी. डबीतून ती फुटते अन् बत्तीस वर्गांना पुरते.

भिया म्हणला, "उजेडावर फोन चालतो म्हणं! मग कंदिलाला कान लावून काहून न्हाई बोलत आमी?"

सगळे हसले. मॅडमला कुणीतरी सांगितलं तर त्याही हसल्या. मग म्हणल्या, हसा, पण ओढताना ध्यानात ठेवा. तांब्याची तार ओढली तर लांबते. ही लांबत नाही, तुटते. अन् तुटली तरी बाहेरून दिसत नाही. पिवळ्या दोऱ्याला दोरी बांधायची, एका माणसानं हातानं, दमादमानं ओढायची. अडली की थांबायचं.

भिया कान खाजवत होता.

१५ जानेवारी

काल संक्रांत होती म्हणे. कुणाला आठवलंच नाही.

२३ जानेवारी

मला काच सांधायला बसवलं! मशीनसमोर. काच सोलायची, पुसायची, बराबर सरळ कापायची, दोन टोकं समोरासमोर ठेवायची. मशीन वितळवून एक करतं. जमलं. कसं जमलं मलाच कळलं नाही. ज्याला एका जागी बसवत नाही त्याच्याच हाताला हे बसून करायचं काम यावं!

आमचा मुकादम अमृतराव, डोंगरकड्याचा. चहा पिता पिता बोलून गेला की हे काम उरकलं की बारातली चार माणसं ठेवणार. तीनाच्या जागी एक तार, तर बाराच्या जागी चार माणसं. हिशोब सोपा.

मी म्हणलं, "मला काढा, मालक. मी मोकळा माणूस. भियाला ठेवा, त्याला लेकरू हाय."

हसला. "तुझा हात हलका हाय रे, म्हणून तू. तुझ्या भावाचा हात बैलाची वेसण धरायचा."

हे भियाला सांगितलं नाही. पण त्याच्या कानावर गेलं असेल. दुपारी येऊन शेजारी बसला. माझ्या बोटांकडं बघत होता. मग हळूच — "शिकवतो का?"

भिया मला कधी काही मागत नाही.

तांब्याच्या एका वायरीत आठ रंगांच्या बारीक तारा असतात. त्या भिया गप्पा मारता मारता बसवायचा, न बघता. पण काचेचा केस त्याच्या चिमटीत कळतच नाही. बोटांची कातडी जाड झालीय. धरला की मोडला, धरला की मोडला. मी म्हणलं, होईल हळूहळू. तो म्हणला, "व्हय." अन् उठून मोडलेले तुकडे चिकटपट्टीनं टिपत बसला, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

३० जानेवारी

आज तिसऱ्या मजल्याची मोठी तार ओढायची होती. मी खाली रीळ सोडायला. वर भिया अन् बाकीचे. पाईप जुना, मध्ये दोन वळणं. तार आली, आली, अन् अडली.

थांबायचं होतं. मॅडम दुसऱ्या इमारतीत. अमृतराव खाली बोंबलून राहिला, "आज झालं पायजे!" अन् मला वरून भियाचा आवाज आला. तोच, इतकी वर्षं वायर ओढताना द्यायचा तो —

"लावा रे हात! हां… एकदम! खेच!"

मी ओरडलो. "दमानं, भिया! दमानं!" पण त्याचा आवाज निघाला की दहा माणसं एका दमात ओढतात. त्या आवाजावर आमची टोळी चालायची. भिया हाक द्यायचा, तार यायची. कुठलीही तार असो, यायचीच. माझ्या हातातून रीळ गरकन फिरलं.

आली तार! वर सगळे ओरडले, शिट्ट्या मारल्या. भियानं जिन्यातून वाकून मला हात दाखवला. हसत होता. कितीतरी दिवसांनी.

३१ जानेवारी

मॅडमनी खालून तारेत लाल उजेड सोडला. मी वर दुसरं टोक पांढऱ्या कागदासमोर धरून बसलो. कागदावर लाल ठिपका यायला पाहिजे.

आला नाही. पुन्हा पुसलं. पुन्हा कापलं. नाही आला.

पाईप उघडला तर दुसऱ्या वळणावर तारेच्या कातडीतून लाल उजेड गळत होता. आत काच तुटलेली. बाहेरून साधा ओरखडाही नाही.

"हाक कुणी दिली?" अमृतरावानं विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही. तरी विचारलं. दहाजणांनी ओढली होती, भिया गप्प बसला असता तरी चाललं असतं.

भिया पुढं झाला. "मी दिली."

अमृतरावाला आठ माणसं काढायचीच होती. पहिलं नाव सापडलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

भिया गेला. मी म्हणलं, मीही येतो. तर अंगावर आला — "दोघं चुलीपाशी बसून काय खाऊ? तुझा हात चालतो तवर चालव. होळीची सुट्टी आता तुझी. खुश?"

मी त्याची पिशवी उचलली.

स्टेशनवर नांदेडच्या गाडीपाशी सोडला. पिशवीत लेकरासाठी घेतलेलं लाल झबलं. मोबाईल त्याचा, पण मलाच दिला. "राहू दे तुझ्याजवळ. तुला लागंल." मी गाडी हलेपर्यंत थांबतो म्हणलं, तर मला हाकललं. "जा, काम खोळंबंल."

३ फेब्रुवारी

होळीचं तिकीट काढलं. आनंद व्हायला पाहिजे होता.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज संगिता वहिनीचा फोन आला. मला वाटलं भियाच बोलतोय. तर वहिनी म्हणते —

"भावजी, त्यान्ला द्या न फोन. रोज रोज कसलं काम करतेत? म्हणावं, लेकरू रांगून राहिलं तुमचं. तुमच्या अमृतरावाला सांगा, धुंडीला सोडलं न्हाई तर सगळे गेरिये घेऊन मीच येते बेंगलोरला!"

मागं पोरगं रडत होतं. पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला.

म्हणजे भिया घरी पोचलाच नाही! दोन आठवडे!

तोंडातून निघून गेलं, "वर छतात हायेत, वहिनी. उतरले की सांगतो."

"जेवतेत न बराबर?"

"जेवतेत."

फोन ठेवला अन् जिन्यातच बसलो. मोबाईल माझ्याकडं काहून ठेवला ते आता कळलं. घरचा फोन माझ्याकडं यावा म्हणून. त्याला गाडीत बसायचंच नव्हतं.

१७ फेब्रुवारी

मजूर अड्ड्यावर सकाळी उभा राहिलो. नाही.

१९ फेब्रुवारी

मार्केटात हमालांना विचारलं. सरकारी दवाखान्यातही बघून आलो. देवा, तिथं तरी नको सापडू दे म्हणत आत गेलो. नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

सापडला.

जुनी तांब्याची वायर टेम्पोत भरून भंगारात द्यायची होती, मी सोबत गेलो. तलावामागं भंगारवाल्या चाचाचं गोदाम. त्याच्या मागं काळा धूर. वायरीचं प्लास्टिक जाळून तांबं मोकळं करतात तिथं. एक माणूस तोंडाला फडकं बांधून काठीनं जाळ हलवत होता. पाठीवरूनच ओळखलं.

"भिया!"

वळला. डोळे तेवढे लाल, बाकी सगळं काळं. चाचा म्हणला, "तेरा भाई है क्या? अच्छा आदमी है मियाँ. बातां नहीं करता."

बातां नहीं करता! ज्याच्या हाकेवर दहाजण ओढायचे तो!

बाजूला नेलं. "घरी काहून न्हाई गेला?"

"काय सांगू जाऊन? केसासारखी तार तोडली म्हणून काढलं?" खोकला आला. बराच वेळ खोकत होता. "धुंडीला बाप हात हलवत येतो का रे? गेरिये दारात उभे राहतील. त्यान्ला काय धूर चारू?"

"मग माझ्या खोलीवर चल."

"कोणत्या तोंडानं? सगळे इचारतील."

"मी विचारलं का काही?"

हसल्यासारखं केलं. "तू जा होळीला. सांग, कंपनी ओमप्रकाशला सोडतच न्हाई, लई मोठं काम हाय त्याच्यावर. माझ्या पोराला खांद्यावर घे. लेंगी मोठ्यानं म्हण."

मग टेम्पोतली वायर उतरवायला लागला. एक गुंडाळी हातात धरून उलटसुलट बघितली. "ही वरच्या मजल्याची. प्रयोगशाळेच्या खोलीची. मीच टाकली होती, तू यायच्या आधी. बघ, अजून एक गाठ न्हाई."

अन् जाळात टाकली.

२७ फेब्रुवारी

तिसऱ्या मजल्याचं काम पूर्ण. तुटलेली तार काढून नवी टाकली, एकट्यानं ओढली, हातानं. बत्तीस वर्गांचे पडदे एकदम लागले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. अमृतराव म्हणला, पुढच्या कॉलेजलाही तूच.

छताच्या पाट्या बसवायच्या आधी वर टॉर्च मारून बघितलं. केवढं मोकळं! जिथं हात शिरत नव्हता तिथं आता माणूस झोपेल. सगळं नीट, सोपं, साफ. मला बघवेना. टॉर्च बंद केला.

१ मार्च, रविवार

भियाकडं जाऊन आलो. झबलं दिलं त्यानं, घरी न्यायला. "मापात बसंल का? रांगतंय म्हणजे वाढलं असंल." खोकला वाढलाय. डॉक्टरकडं चल म्हणलं तर "होळी होऊ दे."

येताना सगळ्या वाटेनं एकच विचार. मी घरी गेलो तर वहिनी सगळ्यात आधी माझ्या मागं बघणार. मग माझ्या तोंडाकडं. फोनवर खोटं बोललो, ते निभलं. समोर बसून, लेकरू मांडीवर घेऊन नाही बोलता येणार मला. अन् खरं सांगितलं तर भिया परत कधीच घरी जाणार नाही. मी ओळखतो त्याला.

झबलं उशाखाली ठेवलंय. धुराचा वास मारतो. धुतलं तरी गेला नाही.

२ मार्च, सोमवार

तिकीट परत केलं. झबल्याचं पार्सल केलं. मग पोस्टात माझ्या पगारातून बाला मनीऑर्डरी भरल्या, दोन. पहिलीवर पाठवणाऱ्याचं नाव ओमप्रकाश किसनसिंग राठोड. चार हजार रुपये. खालच्या जागेत लिहिलं — धुंड जोरात करा, कंपनीनं दोघांनाही सुट्टी दिली न्हाई.

दुसरी माझ्या नावानं. बा जे म्हणायचं ते म्हणेल. म्हणू दे. पन्नास रुपये.