पानाच्या शेवटाशी

रविवार, १२ मार्च

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार. खरं म्हणजे खोलीत केबलींचं इतकं जाळं पसरलंय की साष्टांग घालायला जागाच नाही, तेव्हा उभ्यानेच केला असं समज. भाऊजी आणि मुलं मजेत ना? तुझा खोकला गेला का? फोनवर विचारलं की "मला काय धाड भरलीय" म्हणतेस आणि विषय आईच्या गुडघ्यावर नेतेस. म्हणून म्हटलं, लिहावंच. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच, तोंडही तसंच. परवा शेवटचा भाग रेकॉर्ड करताना मी फ्रिज बंद केला, त्याची घरघर माइकमध्ये येते ना, आणि नंतर सुरू करायला साफ विसरले. दूध नासलं. आई म्हणाली, "तुमच्या त्या घरबसल्या वाद्यवृंदात दूध नासवायचंही एक वाद्य आहे का गं?"

काल कानसेनचा फोन आला होता. तोच गं, आपली सगळ्यांची वेगवेगळी रेकॉर्डिंग जुळवून एक करणारा. व्हिडिओवर अजूनही त्याचं नुसतं कपाळच दिसतं. म्हणाला, "बाई, तुमच्या व्हायोलिनमध्ये भोकं आहेत." मी म्हटलं, जरा तोंड सांभाळून. तर म्हणे, "तसं नाही हो. मध्येच तुम्ही वाजवायच्या थांबता. क्षणभर गप्प, की पुन्हा सुरू. असं बऱ्याच ठिकाणी झालंय."

मी स्वरलिपीचे कागद काढून बघितले. प्रत्येक भोक पानाच्या शेवटाशी.

तुला कळलंच असेल. दोघींत एक स्टँड, लहानपणापासून. पान संपत आलं की मी थांबून ते उलटायचं आणि तेवढा वेळ तू एकटीने जरा दाबून, मोठ्याने वाजवायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला कळत नाही. पण इथे तर मी सगळी पानं भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवली होती. उलटायला काही नव्हतंच. तरी थांबत होते. भिंतीकडे हातही जात असणार माझा! मी इतकी हसले की आई बघायला आली.

मग कानसेन म्हणाला, "गंमत म्हणजे तुमच्या बहिणीचा आवाज नेमका तिथेच चढतो. त्यांना सांगू का, जरा कमी करून पुन्हा पाठवा म्हणून?"

मी म्हटलं, खबरदार. दोघींचं एकत्र लावून ऐका आधी. त्याने ऐकलं. मग म्हणाला, "खरंच की. काही कमी पडत नाही." फोन ठेवला आणि मला रडू आलं. तू तिकडे, त्या परक्या खोलीत, एकटीच, आणि तरी माझ्यासाठी दाबून वाजवत होतीस.

इतकं लिहून मी चहा करून आले. जे लिहायचं ते अजून राहिलंच आहे.

आपल्या हॉलचं छप्पर दुरुस्त झालं. पुढच्या महिन्यापासून सगळे पुन्हा एकत्र बसून वाजवणार. सगळ्यांना आनंदाचं भरतं आलंय, मीच तोंड पाडून फिरतेय. छप्पर गळायला लागलं म्हणून तर घरून वाजवायचं ठरलं, आणि त्यामुळेच तू परत आलीस, नुसती कानात का होईना. हेडफोन लावले की असायचीस. आता तेही बंद.

मास्तरांनी विचारलं, "ताई येणार आहेत का? नसतील तर त्यांच्या खुर्चीचं ठरवायला हवं." मी म्हटलं, येईल ना, दोन वर्षांसाठीच गेलीय. दोन वर्षं कधीच सरली, हे त्यांनाही माहीत आहे.

आणि तुम्ही तिकडे घर घेतलंत हे मला माहीत आहे. आईने सांगितलं. मी रागावले होते, आता नाही. भाऊजींची नोकरी तिथे, मुलांची शाळा तिथे, न कळण्याइतकी काही मी लहान नाही. पण घर घेतल्याचं तुला सांगवलं नाही आणि तू कधी येणार हे मला विचारवलं नाही. दोघीही गुडघ्यावरच बोलत राहिलो.

ताई, मला तुझी फार आठवण येते.

मास्तर ती खुर्ची मला देताहेत. आधी मी नाही म्हटलं. मग डोळ्यांसमोर आलं, तिथे दुसरंच कुणी बसलंय आणि मी तिच्यासाठी पान उलटतेय. ते मला जमायचं नाही. म्हणून हो म्हटलं. आता पान दुसरं कुणी उलटेल, आणि तेवढा वेळ एकटीने वाजवत राहायचं ते मी. सराव करतेय. जड जातंय.

तू येणार नसशील तर तसं सांग, मी ऐकून घेईन. पण कधी आलीस, नुसती हॉलच्या दारात जरी दिसलीस, तर मी उठेन. कार्यक्रम चालू असला तरी उठेन. मास्तर काय म्हणायचं ते म्हणोत.

तुझी जागा धरून बसलेली,
धाकटी