वन्संनी आखून दिलेली बाथरूम

शनिवार, ९ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय वन्सं,

नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत, तुम्हीही असाल. तुमच्या भावाचा खोकला गेला, माझी कंबर आहे तिथेच आहे. फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता. कागदाला तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

बातमी अशी, की आमची बाथरूम एकदाची झाली.

मासिकातल्या तुमच्या सदराची मी पहिल्यापासूनची वाचक. छोट्या फ्लॅटला पांढरी बाथरूम, जुन्या घराला लाकूड आणि पितळ, बंगल्याला काळा दगड. कोणत्या घराला काय शोभेल ते तुम्ही बसल्या जागी सांगता. आमच्याबद्दल मात्र सतरा वेळा विचारावं लागलं. खरं तर मी विचारलं होतं भलतंच. 'आईंना काही महिने तुमच्याकडे न्या, मला जरा श्वास घेऊ द्या' असं म्हटलं होतं. तुम्ही बाथरूमचा आराखडा पाठवलात.

वर फोन करून म्हणालात, "अगं, आई कसली जड होतेय तुला? अजून स्वतःची आंघोळ स्वतः करते ती. ज्या दिवशी तिला दुसऱ्या कुणी आंघोळ घालायची वेळ येईल, त्या दिवशी मी घेऊन जाईन. शब्द देते." स्पीकर चालू होता. तुमच्या भावानेही ऐकलं.

आणि खरंच होतं ते. जुन्या बाथरूममध्ये आई राणीसारख्या वावरायच्या. खरखरीत फरशी, भिंतीवरून गेलेले पाइप, खिडकीला गज, कोपऱ्यात बसायला दगडी कट्टा. डावा हात पाइपाला, उजवा गजाला, की झाल्या उभ्या. दाराला आतून कडी. बाहेरून 'झालं का?' विचारलं, की 'मेले नाही अजून' असं उत्तर यायचं. बोलण्यात त्या कुणाला हार जायच्या नाहीत. माझ्या भाजीला, माझ्या माहेराला, मला मूल झालं नाही त्याला, सगळ्याला त्यांच्याकडे शब्द तयार असायचे. तुम्ही ते कधी ऐकले नाहीत. तुमची आईवरची माया म्हणजे दुरून डोंगर साजरे.

'डोळ्याला काही टोचता कामा नये' हे तुमचं आवडतं वाक्य. आराखडाही तसाच होता. पाइप भिंतीच्या पोटात, खिडकीला अख्खी काच, कट्टा गायब, कमोड भिंतीला टांगलेला, फरशी काळी आणि तुळतुळीत. आंघोळीच्या जागेला काचेचं दार, त्याला कडी नाही, नुसतं लोहचुंबक. मी गवंड्याला एक इंच इकडेतिकडे करू दिलं नाही. फिटिंगच्या दुकानात धरायचा स्टीलचा दांडाही होता. हातात घेऊन पाहिला, चांगला भक्कम होता. परत ठेवला. तुम्हाला वाटेल, भावजय विसरली. विसरले नाही हो. आराखड्यात नव्हता.

पहिल्या दिवशी आई दारात उभ्या राहिल्या. आधी डावा हात पुढे केला, तिथे गुळगुळीत भिंत. मग उजवा पुढे केला. मग दोन्ही हात खाली घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "छान झालीय. पण धरायचं कुठे?"

मी म्हटलं, "माझा हात धरा की."

पडल्या-बिडल्या नाहीत, घाबरू नका. हाडं जागच्या जागी आहेत. आता मीच त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आंघोळ घालते. काच असल्यामुळे दार लावलं काय, न लावलं काय, सारखंच. सुरुवातीला त्या डोळे घट्ट मिटून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "तेवढा टॉवेल टाक गं अंगावर." मी म्हटलं, "टॉवेलवर साबण कसा लावू?" खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं त्या बोलायच्या आणि मी ऐकायचे. आता डोक्यावरून तांब्या ओतला, की त्यांचं तोंड आपोआप बंद.

हल्ली तर बोलणंच सोडलंय. भाजी खारट झाली तरी 'चांगली झालीय' म्हणतात. परवा मला थँक्यू म्हणाल्या. जेवताना पाणी घेत नाहीत, म्हणजे पुन्हा पुन्हा मला हाक मारायला नको. लघवीला जळजळ सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं. 'हो' म्हणाल्या, पेला तसाच राहिला. तुमच्या भावाने एकदा विचारलं, "एखादा दांडा बसवून घ्यायचा का?" मी म्हटलं, "तुझ्या बहिणीच्या डिझाइनला भोक पाडायचं?" तो पेपर उघडून बसला. आईला साबण लावायला तो थोडाच येणार आहे.

तर वन्सं, तुम्ही म्हणाला होतात तो दिवस आला. मी तो आणला म्हणा हवं तर.

तुमच्या टबचा फोटो मासिकात पाहिला होता. चार पायांचा, उंच काठाचा. त्यात आईंचे पाय कसे टाकायचे, कोण जाणे. पण तुम्ही एवढ्या लोकांना उपाय सुचवता, स्वतःच्या घरी काही ना काही सुचेलच.

पाकिटावर तिकीट नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. पत्र आईंनीच तुमच्या हातात दिलं असेल. तुमचा भाऊ बॅगा दारात ठेवून 'गाडी नीट लावून येतो' म्हणून खाली उतरला असेल. तो वर येणार नाही. तसं मीच बजावलंय, आणि न भांडता त्याने ऐकलंय.

आईंना मी सांगितलंय, की तुम्हीच बोलावलं आहे. लेकीने हट्टच धरलाय, आईला माझ्याकडे पाठवा म्हणून. किती दिवसांनी हसल्या! आज सकाळी आंघोळीला बसल्यावर डोळेसुद्धा मिटले नाहीत. स्वतःच्या हाताने केस विंचरले. या पाकिटात तुमच्या आमंत्रणाचं उत्तर आहे अशी त्यांची समजूत आहे. "वाचून तिला किती आनंद होईल, नाही?" असं मला दोनदा विचारून झालं.

आत्ता त्या समोर बसून तुमच्या चेहऱ्याकडेच बघत असतील. गेल्याच आठवड्यात त्यांना नवा चष्मा करून दिलाय, सगळं स्वच्छ दिसतं. तेव्हा वन्सं, वाचता वाचता जरा हसा.

तुमची आज्ञाधारक
भावजय