सर्टिफाइड गाडी, वॉरंटीसकट

१४ नोव्हेंबर

पुन्हा बंद पडली. या वेळी भर क्रशर चौकात. सिग्नल सुटला, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि इंजिन गप्प. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट. एक बुलेटवाला शेजारी येऊन, "मावशी, बाजूला घ्या की!" बाजूला घेता येत असती तर घेतली नसती का रे? आणि मावशी कुणाची?

थोड्या वेळानं आपोआप चालू झाली. काही झालंच नाही असा चेहरा करून.

घरी आल्यावर संजयला सांगितलं. पेपरमधून मान वर न काढता, "वॉरंटी आहे की. कशाला डोक्याला ताप?" गाडी घेतल्यापासून घरात हाच मंत्र. मामेभाऊ स्वतःची गाडी देत होता, माझ्या डोळ्यांसमोर वापरलेली. सं.ला नको. "नात्यात व्यवहार नको. उद्या काही झालं तर बोलता येत नाही. शोरूमची सर्टिफाइड घेऊ. कंपनीच्या माणसांनी सगळं तपासलेलं असतं, वर कागदावर हमी."

बरोबर. हमी कागदावरच आहे.

१६ नोव्हेंबर

शोरूमला गेले. केतन नावाचा मुलगा. यानंच गाडी विकली आम्हाला. गोड बोलतो. आधी कॉफी, मग एसीत बसा, मग मशीन लावलं आणि, "मॅडम, एकही एरर नाही. गाडी एकदम हेल्दी आहे."

मी गुरांची डॉक्टर. तपासायला गेल्यावर गाय शांत उभी राहिली म्हणून "हेल्दी आहे" असं सांगून निघाले, तर शेतकरी मला शेणाच्या पाटीनं हाणेल.

वर विचारतो, "मॅडम, क्लचवर पाय ठेवून चालवता का? लेडीजची सवय असते." वीस वर्षं मोटरसायकलवरून गोठे पालथे घातले मी. तेव्हा हा दुसरीत असेल.

बोलायला हवं होतं.

२२ नोव्हेंबर

आज लिहायची इच्छा नाही, पण लिहिते. नाहीतर झोप येणार नाही.

सकाळी इस्पुर्लीहून अक्काताईंचा फोन. एकट्या बाई, दोन म्हशींच्या दुधावर घर. त्यातली मोठी अडली होती. रेडकाचं डोकं मागं वळलेलं, नुसते पाय बाहेर. "लगी या, डाक्टरीनबाई." लगेच निघाले. कळंबा मागं पडलं आणि थोड्याच अंतरावर दिवे लागले. बंद. स्टिअरिंगही जड झालं, कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवतेय, फिरवतेय. टक् टक्. बाकी काही नाही. अक्काताईंचे फोन येतच होते. तिसऱ्या वेळी उचलायला धीर होईना.

शेवटी दुधाच्या टेम्पोला हात केला. बॅग मांडीवर घेऊन दुधाच्या कॅनच्या मधे बसून गेले.

रेडकू मेलेलं होतं. रेडी होती. हात घालून काढली. म्हशीची पिशवी फाटली होती आतून. टाके, सलाईन, जे येतं ते सगळं केलं. माझ्या मांडीवर मान टाकूनच गेली दुपारी.

अक्काताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हशीच्या कपाळावरनं हात फिरवत एवढंच म्हणाल्या, "मी वाट बघतोय, बघतोय. मला वाटलं, डाक्टरीनबाई गाडीनं येतात, आत्ता पोचतील."

२३ नोव्हेंबर

टो करून गाडी शोरूमला. आज कॉफी घेतली नाही.

"वायरिंगमध्ये प्रॉब्लेम दिसतोय मॅडम. हार्नेस बदलावं लागेल."

"बदला."

"ते वॉरंटीत येत नाही."

"मग काय येतं?"

"इंजिन आणि गिअरबॉक्स."

"इंजिनच बंद पडतंय ना?"

"बंद पडतंय मॅडम, पण खराब नाही झालेलं."

मला वाटलं हसेल. हसला नाही. पाठ केलेलं वाक्य होतं ते, माझ्यासारख्या कितींना ऐकवलेलं.

घरी येऊन वॉरंटीचं पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. काय मिळणार ते अर्ध्या पानात. काय मिळणार नाही ते मुंगीएवढ्या अक्षरात पानंच्या पानं. वायरिंग नाही, सेन्सर नाही, गंज नाही, पाणी नाही. हे घेताना का नाही वाचलं? घेताना आपण पुस्तक वाचत नाही. घेताना लाल रिबीन लावलेल्या गाडीबरोबर फोटो काढतो. पेढे वाटतो.

सं. म्हणाला, "म्हशीचं वाईट झालं." बस्स. उठून अंघोळीला गेला. त्यालाही लागलंय हे कळतं मला, पण आज कुणाला समजून घ्यायची ताकद नाही.

३० नोव्हेंबर

वायरिंग पदरचे पैसे घालून करून घेतलं. करणार काय, फिरायचं तर आहेच.

रागाच्या भरात भेटेल त्याला सांगत सुटलेय, सर्टिफाइडच्या नादाला लागू नका. आज दवाखान्यातल्या पूजानं गप्प केलं. तिच्या भावानं अशीच सर्टिफाइड घेतलीय, दुसऱ्या शोरूमकडून. कित्येक वर्षं कुरकुर नाही. एकदा गिअरबॉक्स गेला तो वॉरंटीत बदलून मिळाला, एक शब्द न बोलता. म्हणजे सगळेच चोर नाहीत. मग मला जास्तच राग आला. नीट करता येतं, तर.

५ डिसेंबर

दुपारी अनोळखी नंबर. उचलल्या उचलल्या आरडाओरडा.

"कोण बोलतंय? माझ्या गाडीतनं फिरताय व्हय?"

म्हटलं, गाडी माझी आहे.

"गाडी तुमची, पैसं माझं! किणीच्या टोलवर दर खेपंला माझ्या खात्यातनं कापून जातंय!"

मग उलगडा झाला. काचेवरचा फास्टॅग आधीच्या मालकाचा. मला वाटत होतं शोरूमनं लावून दिलाय. कौतुकसुद्धा केलं होतं मी. इतकी तपासणी करणाऱ्यांना काचेवरचा टॅग दिसला नाही. या मालकांनी, अण्णा म्हणतात त्यांना, शोरूमला फोन करून करून माझा नंबर मिळवला. कुरुंदवाडचे, बी-बियाणांचं दुकान आहे. मी माफी मागितली, पैसे लगेच पाठवते म्हटलं. तसा आवाज एकदम उतरला.

"ऱ्हाऊ द्या ओ. तुमची काय चूक. गाडी चालती व्हय अजून?"

"अजून म्हणजे?"

"न्हाई, पाण्यातली गाडी न्हवं का ती. महापुरात टपापतूर बुडाली हुती. शोरूमनं सांगिटलं न्हाई तुमास्नी?"

पलीकडनं "हॅलो, हॅलो" चालू.

८ डिसेंबर

रविवार. कुरुंदवाडला गेले. सं.ही आला.

अण्णा सत्तरीचे. धोतर, कपाळावर भस्म. गाडी दारात थांबली तशी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, मग आम्हाला "या पावणं" म्हणाले. पूर आला तेव्हा माणसं आधी बाहेर काढली, गाडी राहिली. पाणी उतरल्यावर धुतली, वाळवली, गावातच दुरुस्त केली. विमा नेमका तेव्हाच संपलेला. नंतर रडत-रखडत चालायची म्हणून शोरूमला दिली.

"त्या केतनला मी सोता सांगिटलं. लपवून विकायची आपली रीत न्हाई. उद्या मी खोटं बी दिलं तर शेतकरी दुकानात यिऊन बसतोय माझ्या. त्यो म्हणाला, काळजी करू नका अण्णा, आमी बघून घेतो. किंमत पाडून घेतली आन् काय."

डिकी उघडून स्टेपनी काढायला लावली. खाली कोपऱ्यात वाळलेला गाळ, खवल्यांसारखा. बोटानं थोडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "ही बघा, आमची कृष्णा."

अण्णांच्या बायकोनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, दही. चव लागली नाही मला. येताना सं. म्हणाला, "माझ्यामुळं घेतली आपण ही." मी 'नाही' म्हटलं नाही.

११ डिसेंबर

केतन आणि त्याचा वरचा मॅनेजर. सगळं सांगितलं. गाळ दाखवला.

"मॅडम, तुम्ही खेड्यापाड्यात फिरता. चिखल असणारच."

"स्टेपनीच्या खाली?"

मॅनेजरनं पुस्तक उघडलं. पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत नाही. आणि गाडी पाण्यात गेली होती असं आता मी स्वतःच म्हणतेय, तेव्हा वॉरंटीच रद्द होऊ शकते. "तुमच्याकडं असताना गेली नाही कशावरून?"

म्हणजे गाडी बुडवली मीच!

केतनला विचारलं, अण्णांनी तुला सांगितलं होतं की नाही? मॅनेजरकडं बघून म्हणाला, "मला आठवत नाही मॅडम." पहिल्यांदा त्याचा आवाज गोड नव्हता.

मी ओरडले. शोरूमभर ओरडले. नवी गाडी बघायला आलेलं एक कुटुंब होतं, त्यांच्याकडं वळून म्हटलं, "यांना विचारा, गाडी कुठं बुडून आलीय ते." सिक्युरिटीवाला आला. त्याला म्हटलं, हात लावून बघ.



१९ डिसेंबर

मॅनेजरचा फोन. सूर बदललाय. गाडी परत घेतात, चांगल्या किमतीत. शिवाय दुसरी देतात, जादा वॉरंटी फुकट. "फक्त मॅडम, कुठं तक्रार-बिक्रार नको. आणि सोशल मीडियावर काही टाकू नका."

विचारलं, परत घेऊन या गाडीचं काय करणार?

"ते आमचं आम्ही बघतो."

२० डिसेंबर

सं.शी कडाक्याचं भांडण.

"घे की मिळतंय ते! सुटू आपण." फौंड्रीत दिवसभर उभा असतो, दमून येतो, त्याला हे नकोय. मला कळतं. पण ते गाडी धुणार, पुसणार, वास मारणार आणि पुन्हा रिबीन बांधून उभी करणार. म्हटलं, उद्या कुणी बाळंतपणाला बायको घेऊन निघेल त्यात.

"सगळ्या जगाचा मक्ता तू घेतलायस का?"

"नाही. पण ही एक गाडी माझी आहे."

त्यानं ताट सरकवलं. मीही. दोघंही उपाशी. असल्या मूर्खपणात आम्ही दोघं सारखेच.

आणि खरं लिहायचं तर दिवसभर मनात होतं, घ्यावं का? शांत झोप लागेल. वॉरंटी म्हणजे पुढं काही झालं तर करून देऊ, एवढंच. मागं काय झालंय ते सांगायची हमी कुणी देतच नाही. ती माणसानं द्यायची असते. मला केतनकडून तेवढंच हवं होतं. एक वाक्य. सांगितलं असतं तर मी घेतलीच नसती, आणि म्हणूनच सांगितलं नाही.

३ जानेवारी

शोरूमला 'नाही' कळवलं. सं. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

माधुरीकडं गेले. शाळेतली मैत्रीण, आता वकील. ग्राहक आयोगात तक्रार करू म्हणाली. पण सगळं अण्णांवर. गाडी विकताना पाण्याचं सांगितलं होतं, असं त्यांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं तर केस उभी राहते. नाहीतर माझा शब्द आणि शोरूमचा शब्द.

अण्णांना फोन केला. "देतो की. खरं तेच सांगायचं हाय." फोन ठेवला आणि थोड्या वेळानं त्यांच्या मुलाचा, बसवराजचा फोन. सभ्य बोलला, पण स्पष्ट. "मॅडम, उद्या शोरूम म्हणंल अण्णांनीच लपवलं. मग तुमी सुटणार, त्ये सुटणार, आमचा म्हातारा कोर्टाच्या पायऱ्या चढणार. आमी काय घोडं मारलंय तुमचं?"

माधुरीला विचारलं तर ती म्हणाली, तो बोलतोय ते अगदीच खोटं नाही.

राग यायला निदान समोर चोर लागतो. बसवराजवर कसला राग काढू?

९ जानेवारी

कसबा बावड्यात कोर्टाबाहेर, झाडाखालच्या टायपिस्टच्या बाकड्यावर बसून लिहितेय.

अण्णा आले! स्वतः आले. बसवराज घेऊन आलाय, तोंड फुगवून. तो म्हणतो शोरूममधून केतन दुकानात येऊन गेला परवा. काय बोलला ते सांगत नाही. अण्णाही सांगत नाहीत.

कागद टाइप होऊन आला. अण्णांनी खिसे चाचपले, चष्मा घरी राहिलाय. "तुमीच वाचा, डाक्टर. मोठ्यानं." वाचला. नाव, गाव, गाडीचा नंबर, पूर, पाणी टपापर्यंत. मान हलवत ऐकत होते. "सदर बाब मी गाडी विकतेवेळी शोरूमच्या प्रतिनिधीस स्पष्टपणे सांगितली होती," इथं हात वर केला.

"त्ये परत वाचा."

परत वाचलं.

बसवराज म्हणाला, "अण्णा, चला." माधुरीनं पेन पुढं केलं. अण्णांनी घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. "घरात एकदा इचारतो," म्हणून उठले.

पलीकडच्या झाडाखाली उभे आहेत, फोन कानाला. बायकोशी कानडीत बोलतायत, मोठ्यानं. मधेच थांबून तिचं ऐकतात. पेन त्यांच्याच हातात आहे. मला कानडी येत नाही. 'डाक्टर' तेवढं कळलं, दोनदा.