निळ्या होडीचं शेवटचं तिकीट

तिकीटवेड्या,

"पुढच्या होडीने परत येतो, मग लग्न करू," म्हणून गेलास तो गेलासच. नंतर तुझी पत्रं यायची, ती फक्त आमच्या बेटाच्या होडी-टपालाची तिकिटं मागायला. मी मेले की जगले, याची साधी चौकशीसुद्धा नाही!

आता इथलं टपालच बंद होतंय. तुझ्या संग्रहात नसलेलं, निळ्या होडीचं चित्र असलेलं तिकीट एकच उरलं होतं. "शेवटच्या होडीने पाठवते, घ्यायला ये," असं मी तुला कळवलं. पण ते याच पत्राच्या पाकिटावर चिकटवून वर शिक्का हाणलाय. आता पाकीट माझ्या पेटीत जाईल आणि किल्ली विहिरीत.

होडी आत्ताच सुटली. तू पलीकडच्या धक्क्यावर मान उंचावून उभा असशील. राहा उभा. मीही राहिले होते.

तुझी कोणीही नसलेली,
टपालवाली