बाबा ठेक्याच्या मागे पडतात, त्याबद्दल

ती. काका,

नमस्कार. (साष्टांग समजावा, टेबलाशी बसून लिहिते आहे.) खुशाली विचारतेच, पण आधी काय काय झालं ते क्रमाने:

१. बाबांनी निवृत्तीनंतर इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतले.
२. खालच्या मजल्यावरून तक्रार आली.
३. मी उपाय केला. तो फसला.
४. मी उपाय दुरुस्त केला. तक्रार मिटली.
५. तक्रार मिटल्यावर बाबांनी वाजवणं बंद केलं.
६. शनिवारी दुकानदार ड्रम परत न्यायला येणार आहे.

पाचवा मुद्दा वाचून तुम्ही चौथ्यावर परत जाल. मीही गेले होते. क्रम बरोबर आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? काकू म्हणतात, जिना चढताना कण्हता आणि उतरताना गुणगुणता. (बाबांचं मत, ‘तो लहानपणापासून नाटकी.’ मी फक्त निरोप पोचवते.) आई ठणठणीत आहे. मी कारखान्यात पंपांची कंपनं मोजते आहे आणि घरी बाबांची.

तुम्हा दोघांच्या बँडबद्दल मला फारसं माहीत नव्हतं. तुम्ही गिटार, बाबा ड्रम, आणि पाणीपुरवठा खात्यात नोकरी लागल्यावर बाबांनी ड्रम विकले, एवढंच. तेव्हापासून त्यांनी जेवणाचं टेबल, स्कूटरची टाकी आणि लहानपणी माझी पाठ यांवर भागवलं. निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात ते दुकानात गेले आणि रबरी गाद्या, तारा, पेडल आणि ड्रमचा आवाज काढणारी एक छोटी विजेची पेटी असं सगळं घेऊन आले. कानाला हेडफोन लावायचा, वाजवणाऱ्याला सगळं ऐकू येतं, बाकीच्यांना काही नाही. दुकानदाराने हे सांगितलं आणि बाबांनी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. दोघांचीही चूक एकच. गादीवर पडलेली काठी आवाज करत नाही हे खरं, पण पायाने मारलेलं पेडल सरळ जमिनीला धक्के देतं, आणि आमची जमीन म्हणजे खालच्या मजल्याचं छत.

खाली दातांचा दवाखाना आहे. डॉक्टरीणबाई अतिशय सभ्य. त्या वर आल्या, चहा घेतला, ड्रमचं कौतुक केलं आणि मग म्हणाल्या, “तुम्ही छानच वाजवत असाल. पण माझे पेशंट आ करून पडलेले असतात, वरून धप धप येतं, आणि त्यांना वाटतं ते त्यांचंच हृदय. काल एक गृहस्थ दाढ न काढताच उठून गेले.” बाबांचा चेहरा पडला. बाई गेल्यावर ते स्वतःच कापड आणून ड्रम झाकायला लागले. तेव्हा मी म्हटलं, थांबा, हे माझ्या कामातलं आहे. (तोवर त्यांना माझं काम नेमकं काय हे माहीत नव्हतं. ‘मशीनला कान लावते’ असं ते लोकांना सांगत.)

उपाय सोपा होता. दोन फळ्या, मधे टेनिसचे चेंडू, वर ड्रम आणि बाबा. चेंडू धक्के गिळतात. किती चेंडू लागतील हे वजनावरून ठरतं, म्हणून मी बाबांना वजन विचारलं आणि त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं. मी हिशेब केला, फळ्यांना भोकं पाडली, चेंडू बसवले. बाबा त्यावर बसले आणि सगळे चेंडू चपटे झाले. खाली धप धप पूर्वीइतकंच, वर फळी एका बाजूला कललेली, आणि त्यावर बाबा राजासारखे तिरके. मी संध्याकाळभर आकडेमोड तपासली. शेवटी आईला हसू आवरेना. “अगं, ते वजन लग्नातलं आहे,” ती म्हणाली. बाबा म्हणाले, “साधारण विचारलं होतंस, साधारण सांगितलं.” आईने त्यांना काट्यावर उभं केलं. मी चेंडू वाढवले. आता खाली काहीही पोचत नाही. डॉक्टरीणबाई परवा जिन्यात भेटल्या आणि बाबांची तब्येत बरी आहे ना असं काळजीने विचारलं.

त्या पेटीत मात्र एक सोय आहे, आणि घात तिने केला. ती टिक टिक देते, आपण तिच्याबरोबर वाजवायचं, आणि शेवटी ती मार्क देते. बाबांना सतत कमी. ते टिकटिकीच्या मागे पडतात. त्यांनी मन लावून सराव केला, मार्क तेच. मग एक दिवस काठ्या पिशवीत घातल्या, म्हणाले, “वय झालं. हात गेला,” आणि दुकानदाराला फोन केला. आता ते दिवसभर खिडकीशी बसतात आणि समोरच्या इमारतीचा नळ गळतो यावर देखरेख करतात.

हात गेला हे मला पटलं नाही. मी पेटीतली नोंद काढून तपासली. हात गेलेला माणूस कधी पुढे पळतो, कधी मागे राहतो. बाबा प्रत्येक ठोक्याला अगदी सारखेच मागे आहेत. ही चूक नव्हे, ही सवय आहे. कशाची, ते कळेना. मग त्यांना शेवटचं एकदा वाजवायला लावलं आणि नुसती बघत बसले. हेडफोन लावल्यावर ते तोंडाने गिटार वाजवतात. (आम्हाला ते ऐकू येतं हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. कृपया चिडवू नका.) पेटीवरचा दिवा टिकटिकीबरोबर लुकलुकतो; हात त्याच्या मागे, तोंड त्याच्या पुढे. मी विचारलं, “ही गिटार एवढी का पळतेय?” तर म्हणाले, “धाकटा पळायचाच! त्याला आवरायचं म्हणजे मला मागून खेचायला लागायचं. नाहीतर गाणं संपायच्या आत तो घरी पोचला असता.”

म्हणजे, काका, यंत्रात बिघाड नाही. यंत्राचा अर्धा भाग तुमच्या घरी आहे.

कळावे.
तुमची पुतणी

ता. क. १: हे पत्र बाबांना माहीत नाही. ‘त्याला बोलवायचं नाही, त्याचा गुडघा दुखतो’ असं त्यांनी बजावलं आहे. आईला माहीत आहे. काकूंनाही. त्या फोनवर म्हणाल्या की तुम्ही गिटार कपाटावरून काढून पुसून ठेवली आहे, आणि कारण विचारल्यावर ‘धूळ’ असं सांगितलंत.

ता. क. २: डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद असलेल्या दिवशी हवं तितकं वाजवा असं सांगितलं आहे, म्हणून तुमच्या गिटारच्या आवाजाची चिंता नको. बोटं आखडली असली तरी चालेल. फक्त पळायचं विसरला नसाल, एवढंच हवं.

ता. क. ३: मी यात तांत्रिक कुतूहलामुळे पडले असं आईला सांगितलं आहे. ते पूर्ण खरं नाही. बाबा वाजवताना फार छान दिसतात.

ता. क. ४: दुकानदाराला नको म्हणायचं तर शुक्रवारी फोन करावा लागेल. गिटार घेऊन येणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळवा.