फळ्यावरचं पायाळू बाळ

खोडाळे,
ता. २ मार्च १९५४

तीर्थस्वरूप मामींच्या पायांवर देवजीचं डोकं.

मामी, मी इकडे धडधाकट आहे. म्हणजे खोकला आहे, पण तो गेल्या पावसाळ्यापासूनचा असल्यामुळे आता घरचाच झाला आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात? काळी गाय व्याली का? मामा गेल्यापासून तुमच्या घरात वाचता येणारं माणूस एकच उरलं आहे, आणि त्या माणसाला बाराखडी मीच शिकवली, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, चुलीपुढे बसून. तेव्हा हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवत आहे ते मी जाणून आहे. (हिराने इथे थांबू नये. पुढे वाचावं.) जावयाने सासूला लिहावं आणि बायकोने ते मोठ्याने वाचावं, असा द्राविडी प्राणायाम मी मुद्दामच करतो आहे, कारण तिच्या नावाने घातलेल्या सात पत्रांना उत्तर आलं नाही. बाळ गेलं त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती तुमच्याकडे आहे आणि मी इथे आहे. पण त्याबद्दल आज मी चकार शब्द काढणार नाही. आज फक्त शाळेची हकिकत.

तर सातवीला शरीरशास्त्राचा शेवटचा धडा आला: माणूस जन्मतो कसा आणि वाढतो कसा. (घाबरू नका, सरकारमान्य पुस्तकातलाच आहे.) माझ्या आधीचे मास्तर हा धडा आला की दरसाल आजारी पडत, असं ऐकतो. मीही प्रयत्न करून पाहिला, पण माझा खोकला आता कुणी मनावर घेत नाही. आमच्याकडे एक जुना तक्ता आहे, जव्हारहून आलेला. त्यावर ओळीने सहा चित्रं: तान्हं बाळ, रांगतं मूल, शाळकरी पोर, नवरदेव, बाप आणि म्हातारा. संस्थान विलीन होऊन सहा वर्षं होत आली, तरी त्यातला नवरदेव अजून तलवार धरून ऐटीत उभा आहे, त्याला कुणी कळवलेलं दिसत नाही. मी छडीने एकेक चित्र दाखवत सुरू केलं. बारा-तेरा वर्षांच्या सुमाराला मुलांचा आवाज फुटतो, ओठावर लव येते. मुलींचं अंग भरतं, पाळी सुरू होते, आणि ते आजारपण नव्हे, ते वाढणं आहे. एकही पोर लाजलं नाही. लाजत होतो तो मी एकटाच. मग आईकडची एक पेशी आणि बापाकडची एक पेशी मिळून एक होते, एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असं करत करत नऊ महिन्यांनी बाळ, इथवर आलो. हौशी नावाची मुलगी बोटांवर मोजून म्हणाली की आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, राहिलं तर चैत्रात होईल. पुस्तकात इतकं सोपं करून दिलेलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण तक्त्याच्या ओळीप्रमाणे मी ठासून सांगितलं की आधी लग्न आणि मग मूल, हा क्रम. तेवढ्यात बुध्या नावाचा पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, माझे आयसचा न बापूसचा लगीन बुधवारी हाय. तू येशील ना?" मला वाटलं, कारटं माझी टिंगल करतंय. अर्धा तास त्याला अंगठे धरायला लावले. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप लक्ष्या शाळेच्या पायरीशी हजर. हा आता मला धरून बडवणार म्हणून मी तक्त्याच्या आडोशाला गेलो. (तक्ता गुडघ्यापर्यंतच येतो.) पण तो आला होता आमंत्रण घेऊन. इकडच्या पाड्यांवर असं आहे, मामी, की माणसं आधी संसाराला लागतात. शेत कसतात, पोरं होतात, आणि एखाद्या साली पीक चांगलं आलं की सवडीने लग्न लावतात. लक्ष्या तक्त्याकडे बघत म्हणाला, "पोर खोटा नाय बोलला, गुरुजी. तुझे कागदावर लगीन आधी हाय, पन आमचा भात तवा पिकला नव्हता." मी बुध्याची सगळ्या वर्गासमोर माफी मागितली आणि तक्ता भिंतीकडे तोंड करून ठेवला.

तक्ता गेला, म्हणून मला फळ्यावर चित्र काढावं लागलं. पोटातलं बाळ. माझी चित्रकला तुम्हाला ठाऊक आहे (तुमच्या ओट्यावर मी मोर काढला होता, त्याला सगळे कोंबडी म्हणत), पण या वेळी हात भराभर चालला. डोकं, पाठ, मुडपलेले हात, पाय. काढून मागे वळलो तर रुपी फळ्याकडे टक लावून बघत होती. रुपीची आजी, बुधी, ही इथल्या पाच पाड्यांची सुईण, त्यामुळे या विषयात पोरीपुढे मी कच्चाच. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, हा पोर पायाळू हाय."

मी पुस्तक उघडून बघितलं. पुस्तकात डोकं खालीच आहे. पाय खाली काढले होते ते मी.

मामी, तुम्हाला आठवत असेल, त्या वेळी मी परीक्षा आटोपून तिसऱ्या दिवशी येऊन पोचलो. तुम्ही अंगणातच सांगितलंत: पायाळू होता, एक दिवस जगला. मग मी आत गेलो. हिरा भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि मी तिच्याजवळ बसून काय केलं? मूल उलटं का येतं, गुदमरतं कसं, शेकड्यात किती वाचतात, हे सगळं तिला नीट समजावून सांगितलं. चांगला अर्धा तास. फळा तेवढा नव्हता. ती एकदाही वळली नाही, आणि मी मूर्ख, मला वाटलं तिला पटतंय. गेल्या आठवड्यात फळ्यापुढे मला ते कळलं. हातात पुसायचं फडकं होतं, पण पुसवेना. पोरांना सुट्टी दिली आणि खुर्चीवर बसून रडलो. (हे वाचताना हिराने आवाज सारखा ठेवावा.)

बुधवारी लग्नाला गेलो. एकट्याच्या खोलीपेक्षा बरं. भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहिलेला, पुढे बसून धवळेरी गात होती. (भटजी नाही, ही बाईच लग्न लावते.) नवरीच्या केसांत पांढरं डोकावत होतं आणि ती सोळा वर्षांच्या पोरीसारखी लाजत होती. नवरदेवाच्या तोंडाला हळद आणि खांद्यावर धाकटी झोपलेली. बुध्या आईबापाच्या लग्नात इतक्या रुबाबात पत्रावळी वाढत होता की मला माझ्या लग्नातही तेवढा रुबाब जमला नव्हता. जो तो मला विचारी, तुझी बायको कुठाय? एकाला सांगितलं माहेरी आहे, दुसऱ्याला सांगितलं गुडघे दुखतात (ते तुमचे वापरले, क्षमा असावी). मग शेजारी येऊन बसली ती बुधी. रुपीने तिला फळ्याचं सांगितलेलं दिसलं. म्हातारीने एवढंच विचारलं, "कसा होता दिसाया?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही, मी पाहिला नाही. तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "मंग बायकोला पूस ना." आणि उठून नाचायला गेली.

तर अशी शाळेची हकिकत. काळ्या गाईपासून शेजारच्या सकूआत्यापर्यंत सगळ्यांना माझी आठवण सांगावी.

तुमचा भाचा (किंवा जावई, यांतलं जे सध्या चालत असेल ते),
देवजी

ता. क. कैऱ्या लागल्या असतील. लोणच्याची एखादी बरणी पाठवाल तर नागलीची भाकरी घशाखाली उतरेल.

ता. क. पुन्हा. लोणचं नको. त्यासाठी नव्हतं लिहिलं.

ता. क. शेवटचं. हे मोठ्याने वाचू नये. हिरा, लक्ष्याचा संसार झाला होता, लग्न राहिलं होतं. आपलं लग्न झालं आणि संसार राहिला. तू ये म्हणून मी लिहीत नाही. आलीस तर कसाऱ्याला बैलगाडी घेऊन उभा असेन. पण येवोस न येवोस, तो कसा दिसत होता ते मला लिही. नाक कुणाचं, जावळ होतं का, रडला का. चार ओळी लिही, ऱ्हस्व-दीर्घ कसेही चालतील. या वेळी मी काही समजावून सांगणार नाही. मामी विचारतील, एवढा वेळ गप्प का? तर सांग, मास्तरांचं अक्षर लागत नाही.